रक्ताचा दाखला

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात सिकलसेल तपासणीचे शिबिर झाले. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे कामही माझ्याकडे आहे, त्यामुळे शिबिराची सारी जबाबदारी माझीच होती. काही दिवसांनी कार्डे आली. निरोग्यांची पांढरी, वाहकांची पिवळी, रुग्णांची लाल. मी हजेरीपट घेऊन वर्गात उभी राहिले, एकेकाचे नाव पुकारले आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत ज्याचे त्याचे कार्ड हातात ठेवले. आठवड्याच्या आत 'पिवळी' हे एका मुलीचे टोपणनाव झाले. ती मला जिन्यात गाठून म्हणाली, "मॅडम, हे कार्ड दाखवाचं का लपवाचं?" घरी तिच्या लग्नाची बोलणी चालू होती.

मला उत्तर देता आले नाही. जातीचा दाखला कुठे दाखवावा आणि कुठे झाकावा, हे आपल्या पिढीला न शिकवता कळते. या रक्ताच्या दाखल्याचे काय करायचे, हे मात्र विज्ञान शिकवणाऱ्या बाईलाही सांगता येऊ नये, ही शरमेची गोष्ट होती. त्या शरमेतून हे लिहीत आहे.

सिकलसेल म्हणजे काय, हे आधी सरळ सांगते. कारण आपल्या कार्यकर्त्यांच्या भाषणांतही रुग्ण आणि वाहक यांची गल्लत होते. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. ते शरीरभर प्राणवायू पोहोचवते. या प्रथिनाची एक साखळी घडवणाऱ्या जनुकात एकाच अक्षराचा बदल झाला, की साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. एवढेच. पण एवढ्याने प्राणवायू कमी पडताच गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा उठतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून अंगात रक्त कधी पुरत नाही. प्लीहा निकामी होते आणि साध्या जंतुसंसर्गानेही लहान मूल दगावू शकते.

परंतु हे सारे होते ते बदललेले जनुक आई आणि बाप या दोघांकडूनही आले तर. त्याला आमच्याकडे 'एसएस पॅटर्न' म्हणतात. एकाकडूनच आले तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेतात राबतो, भरतीत धावतो, इतरांसारखाच म्हातारा होतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाचे लग्न पांढऱ्या कार्डाच्या माणसाशी झाले तर मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. हे शेवटचे वाक्य गावोगावच्या भिंतींवर लिहायला हवे होते. त्याऐवजी लोकांच्या मनात एवढेच उतरले, की पिवळ्या कार्डाची सून नको.

माझा थोरला भाऊ १९९९ साली गेला. अकरा वर्षांचा होता. हातपाय दुखत, म्हणून कुणी वात म्हटले, कुणी करणी. डोळे पिवळे दिसत, म्हणून कावीळ उतरवून आणली. सिकलसेल हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता. एम.एस्सी.ला असताना मी स्वतःचे रक्त तपासले, मग आईचे आणि बाबांचे. तिघेही एएस. भावाच्या मरणाचा हिशेब मला एकाएकी लागला. सुटीत घरी जाऊन मी मोठ्या उत्साहाने आईला समजावले : अर्धे तुझ्याकडून आले, अर्धे बाबांकडून. आई बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "म्हंजे मीच देल्लं त्याले." 'बाबांकडून' हा शब्द तिच्या कानात शिरलाच नाही. आजी जन्मभर तिच्या कुशीला खोट लावत आली होती; मी त्यावर विद्यापीठाचा शिक्का मारून आले होते. बाबा बाजेवर बसून ऐकत होते. त्यांना काही वाटले असेल तर ते बोलले नाहीत.

हा आजार 'कुणाचा' हा प्रश्न आला, की आपण सावध राहिले पाहिजे. विदर्भात तो महार, गोंड, परधान अशा समाजांत, नंदुरबारकडे भिल्ल-पावरा समाजांत अधिक दिसतो, हे खरे. कुणबी-तेली समाजांतही तो आढळतो, त्याची चर्चा कमी होते. पण तो ग्रीसमध्ये आहे, सिसिलीत आहे, अरबस्तानात आहे, आफ्रिकेत तर आहेच. वाहकाला तीव्र मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले. जेथे शतकानुशतके मलेरिया होता तेथे हे जनुक टिकले. ते डास चावल्याचा इतिहास सांगते, वंशाचा नव्हे. नाकाच्या मोजमापांवरून जातींचे वंश ठरवणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांच्याच आकड्यांनी उत्तर दिले होते. आज नाकाच्या जागी जनुक आले आहे, आणि 'तुमच्या रक्तातच आहे' असे म्हणण्याची सवर्ण जीभ जुनीच आहे.

मलेरियाने टिकवलेले हे जनुक जातीच्या कुंपणाने मात्र आतल्या आत कोंडले. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी अंतर्विवाह हेच जातीचे मर्म असल्याचे मांडले. ज्या समाजात वाहक पुष्कळ, त्याच समाजात लग्न करायचे, तर दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढणारच. अर्थात 'आंतरजातीय विवाह करा म्हणजे सिकलसेल टळेल' असला प्रचार मला मान्य नाही. समतेसाठी करायची गोष्ट औषधाच्या बाटलीत भरू नये.

दलित पँथरने १९७२ साली आपले नाव ज्यांच्यावरून घेतले, त्या अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाची बंदूकच आपल्या साहित्यात अधिक आली. १९७१ पासून त्याच पँथरांनी काळ्या वस्त्यांत मोफत सिकलसेल तपासणी चालवली होती, हे फारसे कुणी सांगत नाही. गोऱ्या वैद्यकाने ज्या आजाराकडे पाठ फिरवली तो त्यांनी राजकीय प्रश्न केला. १९७२ साली तेथे सिकलसेलविषयक राष्ट्रीय कायदा झाला. पण तपासणी चळवळीच्या हातून राज्यांच्या हाती गेल्यावर काय झाले? काही राज्यांनी ती सक्तीची केली, कुठे शाळाप्रवेशासाठी, कुठे विवाहाच्या परवान्यासाठी. वाहकांनाच रोगी समजण्यात आले. विम्याचे हप्ते वाढले, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. हवाई दलाच्या अकादमीने वाहकांना १९८१ पर्यंत दार बंद ठेवले होते. आणि हे सारे करणारे केवळ अडाणी किंवा दुष्ट होते असे नव्हे. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे १९४९ साली ज्यांनी दाखवले, ज्यांना पुढे रसायनशास्त्राचे आणि शांततेचेही नोबेल मिळाले, त्या लिनस पॉलिंग यांनीच १९६८ साली वाहकांच्या कपाळावर गोंदून खूण करावी असे सुचवले होते. म्हणजे एकमेकांना ओळखून वाहक प्रेमात पडणार नाहीत! हेतू दुःख टाळण्याचा होता. गळ्यात मडके बांधलेल्यांच्या वारसांनी हा हेतू कसा वाचावा?

ग्रीसमधील ऑर्कोमेनॉस या गावाची कथा वेगळी आणि अधिक बोलकी आहे. तेथे जवळजवळ चौथा हिस्सा लोक वाहक होते. १९७० च्या आसपास शास्त्रज्ञांनी गाव तपासले, लोकांना समजावून सांगितले, वाहकांनी वाहकांशी लग्न करू नये असा सल्ला दिला. नंतर पाहिले तर वाहक-वाहक विवाह योगायोगाने जितके झाले असते तितकेच झाले होते. काहींनी आपले वाहकपण लपवले होते, कारण ते उघड होताच स्थळे फिरत होती. तेथे जात नव्हती. तरी हे झाले. आमच्याकडे हे कार्ड पत्रिकेसोबत जाणार, आणि पत्रिका आधी मुलीचीच मागतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल उच्चाटनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. आदिवासीबहुल भागांवर भर, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आणि २०४७ ही मुदत. तपासणीला माझा विरोध नाही. १९९९ साली ती असती, तर भाऊ कदाचित वाचला असता. पण 'उच्चाटन' या शब्दाशी मी अडते. आजाराचे उच्चाटन म्हणजे जे आजारी आहेत त्यांच्या कळा थांबवणे, की असे जीव जन्मालाच न येऊ देणे? दोन्हींचा खर्च सारखा नाही, म्हणून प्रश्न विचारावा लागतो. हायड्रॉक्सीयुरिया हे जुने औषध काही रुपयांना गोळी मिळते. ते नियमित घेतले, लहान मुलांना पेनिसिलिन आणि लसी दिल्या, वेळेवर रक्त मिळाले, तर एसएस माणूस पुष्कळ जगतो, शिकतो. ज्या गावात कार्ड पोहोचले पण गोळी पोहोचली नाही, तेथे त्या कार्डाला उपचार म्हणता येत नाही. तो नुसता डाग आहे. कायद्याचेही तसेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. नोकरीतील आरक्षणाच्या यादीतून मात्र वगळले. दाखला द्यायचा, जागा द्यायची नाही!

आता नवे तंत्र आले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने क्रिस्पर या जनुकीय कात्रीवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली, आणि तो सिकलसेलवरचा होता. आईच्या पोटात असताना आपले हिमोग्लोबिन वेगळे असते, ते वाकत नाही. जन्मानंतर शरीर ते बनवणे जवळपास बंद करते. रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून ही बंद करणारी कळ कात्रीने निकामी करायची, तीव्र रसायनांनी अस्थिमज्जा रिकामी करायची आणि त्या पेशी परत सोडायच्या, असा हा उपचार. कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात, वंध्यत्वाचा धोका असतो. मिसिसिपीतील व्हिक्टोरिया ग्रे या काळ्या स्त्रीने २०१९ साली अमेरिकेत सर्वप्रथम तो घेतला आणि तिच्या कळा थांबल्या. ही गोष्ट थोर आहे. तिच्यावर नाक मुरडणे हा आपला पुरोगामीपणा नसावा. पण अमेरिकेत त्याची किंमत ठरली बावीस लाख डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे अठरा कोटी रुपये. गर्भातले हिमोग्लोबिन टिकले तर आजार सौम्य राहतो, हे शास्त्राला कळले त्यात पूर्व अरबस्तानातील आणि भारतातील रुग्णांच्या रक्ताचाही वाटा आहे. रक्त दिले ते आपल्यासारख्यांनी. दुकान दुसरीकडे उघडले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेने घडवलेला स्वदेशी क्रिस्पर उपचार जाहीर झाला. त्याचे नाव 'बिरसा १०१'. तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले आहे. तो स्वस्त होवो, अशीच इच्छा आहे. बिरसाचे नाव देणे सोपे आहे. त्याच्या माणसांना संमती विचारणे कठीण. २००९-१० साली तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्ही लस टोचली गेली, तेव्हा कित्येक संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. हे मी वर्गात संतापाने शिकवते. आणि माझ्या शिबिरात? 'सर्व विद्यार्थ्यांची संमती आहे' अशा एका ओळीखाली एकच सही होती. माझी.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी तपासणीला विरोध न करता तपासणाऱ्याला काही गोष्टी विचाराव्यात. निकाल कुणाला दिसणार? उरलेले रक्त कुठे जाणार, त्यावर पुढे संशोधन झाले तर आम्हाला विचारणार का? लाल कार्डासोबत औषध कुठल्या तारखेला मिळणार? आणि मुलाचे कार्ड मुलीच्या आधी का निघू नये? गर्भाची तपासणी करून निर्णय घेणे हा त्या जोडप्याचा, आणि आधी त्या बाईचा अधिकार आहे; अभियानाच्या आकड्यांसाठी तो वापरला जाऊ नये. हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. माझ्या आईने ते विचारले असते, तिला कुणी बोलू दिले असते तर.

यंदाच्या शिबिरात प्रत्येकाची स्वतंत्र सही घेतली. कार्डे बंद पाकिटात दिली, प्रत्येकाला वेगळे बसवून. वेळ फार गेला. कार्यालयातून कुरकुर झाली.

त्या मुलीला मी अखेर म्हणाले, दाखव, पण आधी त्याचे माग. तिच्या आग्रहावरून मी स्थळाच्या घरी गेले. चहा झाला. मी चारात एक, चारात दोन असे कागदावर काढून दाखवले. मुलगा पांढऱ्या कार्डाचा निघाला तर भिण्यासारखे काही नाही, दोघेही पिवळे निघाले तर बसून बोलू, असे सांगितले. मुलाची आई कागदाकडे पाहत म्हणाली, "पोराचं कायले तपासाचं, बाई? त्याले काई झालं नाई." मुलगा हसला आणि मोबाइलमध्ये पाहू लागला. त्याला तीन महिने झाले. त्याने अजून रक्त दिलेले नाही, आणि मुलीचे वडील तारीख काढायची म्हणून घाई करत आहेत.