व्हॉल्व्ह स्प्रिंगवर तोललेली गिटार

व्हॉल्व्ह स्प्रिंग म्हणजे काय, हे पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आकुर्डी आणि चाकण दुचाकींवर वाढले आणि भोसरीतल्या कितीतरी गाळ्यांनी सुट्या भागांवर संसार उभे केले. म्हणून इथल्या वाचकाला एक गिटार उघडून दाखवावीशी वाटते. तिच्या पोटात 1928 च्या पँथर मोटारसायकलच्या दोन व्हॉल्व्ह स्प्रिंगा आहेत.

ही ब्रायन मे यांची ‘रेड स्पेशल’. मे म्हणजे ‘क्वीन’ या इंग्लिश बँडचे गिटारवादक. त्या बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचे फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले. पियानोही तिथेच शिकले. ही गिटार जगभरच्या मैदानांत वाजली, पण ती कुठल्या नावाजलेल्या कारखान्यातून आलेली नाही. ऑगस्ट 1963 मध्ये 16 वर्षांच्या ब्रायननं ती वडिलांबरोबर घरी करायला घेतली. वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते, हाताला कसब होतं, विकतच्या गिटारीला पैसे नव्हते. काम पुरं व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागली.

गिटारची मान झाली एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून. लाकडाला कीड लागली होती, ती भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचं ओक वापरलं. स्वरपट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घासून घेतली.

इलेक्ट्रिक गिटारला तंबोऱ्यासारखा भोपळा लागत नाही, कारण आवाज मोठा करण्याचं काम लाकडाकडे नसतं. तारेखाली चुंबक असतो आणि चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, गुंडाळीत अगदी क्षीण वीज निर्माण होते आणि पुढचं काम अ‍ॅम्प्लिफायर करतो. या भागाला पिकअप म्हणतात. साधारण 0.06 मिलिमीटर जाडीच्या तारेचे सात-आठ हजार फेरे असतात. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या माणसाला यात नवं काही नाही. तार बारीक, एवढंच.

बापलेकांनी पिकअपही आधी स्वतः गुंडाळले. त्यासाठी फेरे मोजणारं यंत्र घरीच केलं. आवाज चांगला आला, पण वाजवताना तार बोटानं बाजूला ओढली, म्हणजे आपण ज्याला मींड म्हणू ती घेतली, की मध्येच विचित्र आवाज यायचा. कारण चुंबक आलटूनपालटून उत्तर-दक्षिण बसवले होते आणि तार एका ध्रुवावरून दुसऱ्याकडे सरकत होती. शेवटी बर्न्स कंपनीचे तीन ‘ट्राय-सॉनिक’ पिकअप विकत घेतले आणि त्यांत अ‍ॅराल्डाइट ओतलं. सैल फेरे मोठ्या आवाजात स्वतःच थरथरतात आणि शिट्टी फुटते, ती बंद झाली. मोटारीची गुंडाळी व्हार्निशमध्ये बुडवतात तेव्हाही फेरे जागच्या जागी घट्ट बसावेत हा एक हेतू असतोच.

पडद्यांचं गणित तर लेथवरच्या टर्नरला आवडेल असं आहे. सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारचे ठोकून बसवलेले असतात, त्यामुळे चूक कायमची. रेड स्पेशलमध्ये तारेची वाजती लांबी 24 इंच, म्हणजे 610 मिलिमीटर. हिला 17.817 नं भागायचं. उत्तर सुमारे 34.2, पहिला पडदा तेवढ्या अंतरावर. उरलेल्या 575.8 ला पुन्हा त्याच आकड्यानं भागलं की 32.3, तो दुसरा. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर मध्यावर, 305 वर येतो, आणि वरचा सा मिळतो. पण आखताना आधीच्या पडद्यापासून पुढचा मोजायचा नाही. तसं केलं तर पावपाव मिलिमीटरच्या चुका साठत जातात. सगळी मापं एकाच टोकापासून घ्यायची. वरच्या पट्टीत तर काटेकोरपणा अधिक लागतो: चोविसाव्या पडद्यावर तार जेमतेम 152 मिलिमीटर उरते, म्हणून तीच चूक पहिल्या पडद्यापेक्षा जवळजवळ चौपट बेसूर वाटते.

आता त्या स्प्रिंगा. गिटारवादकाला एक दांडी लागते. ती दाबली की सगळ्या तारा एकदम ढिल्या होऊन स्वर खाली झुकतो आणि सोडली की परत जागेवर येतो. दाबणं सोपं आहे, परत येणं कठीण. विकतच्या अनेक गिटारी त्या काळी एका झटक्यात बेसूर व्हायच्या. दोष घर्षणाचा. तार कुठेतरी अडते आणि केसभर अलीकडेच थांबते.

मे यांनी तारा धरणारी पट्टी एका कडक पोलादी सुरीच्या धारेवर टेकवली. सोनाराचा जुना काटा जसा धारेवर डोलतो, तशीच. एका अंगानं तारांचा ओढा, दुसऱ्या अंगानं दोन व्हॉल्व्ह स्प्रिंगांचा जोर, आणि मध्ये ती धार. सहा तारांचा एकत्रित ताण गिटारवर सर्वसाधारणपणे 40 ते 50 किलोच्या घरात असतो. तो रोज शेकडो वेळा ढिला करून पुन्हा तिथंच आणायचा. इंजिनातली स्प्रिंग याच कामासाठी घडवलेली असते. घोडीवर प्रत्येक तारेखाली छोटा रोलर ठेवला, म्हणजे तार घासत नाही, रोलरवरून फिरते. वरच्या टोकाला तारा खुंट्यांकडे जवळजवळ सरळ जातील अशी रचना केली. दांडी म्हणाल तर सायकलच्या पिशवीच्या आधाराची, आणि तिच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा.

रंग, पॉलिश, चकाकी यांचं कौतुक फार होतं. माझ्या मते दौऱ्यावरच्या वाद्याचा खरा कस या घर्षणात आणि हवामानात लागतो. आज दमट मुंबई, उद्या कोरडं थंड शहर. लाकूड फुगतं, आक्रसतं, मान वाकते. म्हणून मानेच्या आत पोलादी सळई घालून तिला ताण देतात.

एकुलतं एक वाद्य दौऱ्यावर नेणं जोखमीचं. ऑस्ट्रेलियातले कारागीर ग्रेग फ्रायर यांनी नव्वदच्या दशकात मूळ गिटार बारकाईनं मोजून तिच्या तीन प्रतिकृती केल्या आणि 1998 मध्ये मूळ गिटारची डागडुजीही केली. नमुन्यावरून जोडीचा पार्ट करतात, तेच काम, फक्त इथं तपासनीस कान असतो.

लोखंडात मुरलेल्या हातांनी वाद्य घडवणं आपल्याकडे नवं नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या परंपरेचे मूळ पुरुष फरीदसाहेब शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले. जवारी लावणं, म्हणजे घोडीचा माथा तार नीट झणकारेपर्यंत घासत राहणं, हे धार लावणाऱ्याच्याच हाताचं काम. लोखंडाची जाण वाद्याकडे वळली आणि गायकांना हवा तसा तंबोरा मिळू लागला.

भोसरी-चाकणमध्ये वाइंडिंग करणारे, मायक्रॉनमध्ये घासणारे, स्प्रिंगचा जोर तपासणारे हात आहेत. घरात कुणी गिटार शिकत असेल, तर या रविवारी तिच्या तारा उतरवा, व्हर्निअर घेऊन बाराव्या पडद्याचं अंतर मोजा, आणि तो मध्यावर आहे का पाहा.