खोगिरातले बियाणे

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावच्या शिवारात, वैशाखाच्या दुपारी, एखाद्या आटलेल्या डबक्याकाठी आपण उभे आहोत अशी कल्पना करा. काळ्या मातीला भेगा पडल्या आहेत. पाण्याचा टिपूस नाही. पुढे पावसाळ्यात हेच डबके भरते आणि काही दिवसांतच त्यात झटके देत पोहणारे बारीक ठिपके दिसू लागतात. हे जीव आले कोठून? पावसाबरोबर पडले काय?

नाही. ते मातीतच होते!

या ठिपक्यांना पाणपिसवा म्हणतात. नाव पिसवेचे असले तरी हे कीटक नव्हेत. झिंगा व खेकडा यांचे हे चिमुकले भाऊबंद. डॅफ्निया आणि मॉइना हे त्यांचे दोन प्रकार. मॉइना जेमतेम 1 मिलिमीटर लांबीची असते.

पाणी व अन्न मुबलक असते तोवर पाणपिसवेची मादी नराशिवायच अंडी घालते. पाठीवरील कवचाखालच्या पिशवीत ती वाढतात आणि दोन-तीन दिवसांत पिले बाहेर पडतात. बहुतेक सर्व माद्याच! पुढे डबके आटू लागते, गर्दी वाढते, अन्न तुटते. मग काही अंड्यांतून नर निपजतात आणि माद्या निराळी अंडी तयार करतात. या अंड्यांना फलन लागते. डॅफ्नियाच्या एका मादीत एका वेळी ती बहुधा दोनच असतात.

या अंड्यांचे वेष्टन आई आपल्या अंगावरच्या कवचातूनच घडवते. पिशवीभोवतीचा कवचाचा भाग जाड होतो. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे पडतात आणि मेलॅनिन या रंगद्रव्याने तो काळपट होतो. अंडी त्यात उतरतात. नंतर मादी कात टाकते, तेव्हा हा जाड भाग शिंपल्यासारखा मिटून अंड्यांसह सुटा होतो. तो आईच्या पाठीवर घोड्याच्या खोगिरासारखा दिसतो, म्हणून त्याला खोगीर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘एफिपियम’ हे नाव मिळाले. डार्विनचे शेजारी जॉन लबक यांनी 1857 साली या खोगिराच्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला होता.

आतला गर्भ काही हजार पेशींचा झाला की त्याची वाढ थांबते. आई मरते, डबके सुकते. खोगीर मातीत पडून राहते.

पण समजा, मृगात एक सर आली, डबके भरले आणि पुन्हा पंधरा दिवस पावसाने दडी मारली, तर? जन्मलेली पिले मरतील. मराठवाड्यातील शेतकऱ्याला हे संकट चांगले ठाऊक आहे. तो दुबार पेरणीसाठी बियाणे राखू पाहतो. पाणपिसवेचेही तसेच. सगळी अंडी एकाच पावसात उबत नाहीत. काही पुढच्या पावसासाठी उरतात. गाळात खोल गाडलेली तर फारच काळ टिकतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका तळ्याच्या गाळातून सुमारे 700 वर्षांपूर्वीची अंडी शास्त्रज्ञांनी उबवली. ते संशोधन 2014 साली प्रसिद्ध झाले.

तुम्हीही करून पाहा. आटलेल्या डबक्याच्या तळाची वरवरची मूठभर माती काचेच्या बरणीत घाला. त्यावर पावसाचे, किंवा एक दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी ओता. बरणी उजेडात, पण उन्हापासून दूर ठेवा. दोन आठवडे रोज भिंगातून पाहा आणि तारीखवार नोंद करा. मग ती माती पूर्ण वाळवून पुन्हा भिजवा. पहिल्या खेपेस किती पाणपिसवा दिसल्या, दुसऱ्या खेपेस किती? दुबार पेरणीचे बियाणे शिल्लक होते की नाही, हे तुमची वहीच सांगेल.