काच झालेले पाणी

श्रोतेहो, टोमॅटो बर्फाच्या कप्प्यात गोठवून बाहेर काढला की तो लिबलिबीत होतो, हे आपण पाहिले असेल. आतल्या पाण्याचे स्फटिक बनतात आणि ते पेशी फाडतात. आजच्या गोष्टीतली सारी अडचण या स्फटिकांचीच आहे.

विषाणू किंवा पेशीतले प्रथिनांचे कण शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. प्रकाशाची लाटच त्यांच्याहून मोठी पडते. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पण त्याच्या नळीत हवा चालत नाही, आणि निर्वातात ओला नमुना ठेवला तर पाणी उडून जाते. म्हणून कित्येक वर्षे शास्त्रज्ञ नमुना वाळवून, त्यावर जड धातूंचे क्षार माखून तो पाहत. सुके अंजीर पाहून ताज्या अंजिराचा अंदाज करावा, तसेच ते!

मग गोठवावे, तर स्फटिक धरतात. ते नमुना बिघडवतात आणि इलेक्ट्रॉनही विखरून टाकतात.

आता साखरेचा पाक आठवा. सावकाश ठेवला तर खडीसाखरेचे खडे धरतात. चिक्कीचा कडक पाक मात्र ताटात झटकन निवतो. त्यात खडे नाहीत, तो काचेसारखा तडकतो. पाण्याचेही असे होईल काय? झाक ड्युबोशे या स्विस शास्त्रज्ञाने जर्मनीतील हायडेलबर्ग येथे १९८० नंतरच्या काही वर्षांत ते करून दाखवले. बारीक जाळीवर नमुन्याच्या पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा घ्यायचा आणि तो क्षणात थंड द्रवात बुडवायचा. हा द्रव म्हणजे इथेन, उणे १८० अंशांच्या आसपास थंड केलेला. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजनच का नको? कारण तो लगेच उकळतो आणि वस्तूभोवती वाफेचे पांघरूण होते. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो ना, तीच तऱ्हा. मग थंडी आत पोचायला उशीर होतो. इथेनने पाण्याला स्फटिक धरायची सवडच मिळत नाही.

तरी चित्र अंधुकच येते, कारण इलेक्ट्रॉनांचा मारा जास्त केला तर नमुना जळतो. रेडिओवर खरखर असली आणि तेच वाक्य हजार वेळा ऐकता आले, तर खरखर दर वेळी निराळी, शब्द मात्र तेच. योआखिम फ्रँक यांनी हजारो अंधुक चित्रे गणिताने अशीच एकत्र केली. केंब्रिजच्या रिचर्ड हेंडरसन यांनी १९९० मध्ये एका प्रथिनाची रचना अणूंपर्यंत उलगडली. तिघांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

२०२० मध्ये करोना विषाणूच्या काट्याचा आकार याच रीतीने, साथ सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत समजला. वर्तमानपत्रांतल्या त्या चित्रांतले रंग चित्रकाराचे. इलेक्ट्रॉनांना रंग ठाऊक नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी तव्याचा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. मुलांना मात्र हातभर लांब बसवावे.