विंडोज रजिस्ट्री
विंडोज या परिचालन प्रणालीतील यंत्रसामग्री, आज्ञावली व वापरकर्ते यांविषयीच्या नोंदींचा श्रेणीबद्ध कोश. विंडोज ३.१ (१९९२) मध्ये त्याचा वापर मर्यादित होता. विंडोज ९५ (१९९५) पासून तो प्रणालीचा मुख्य आधार बनला.

आज्ञावली काढून टाकल्यावरही तिच्या काही नोंदी मागे राहतात व त्यांमुळे संगणक मंदावतो, असा समज आहे. परंतु प्रणाली हवी ती नोंदच शोधून वाचते, संपूर्ण कोश चाळीत नाही. त्यामुळे अशा नोंदी पुसल्याने वेग सहसा वाढत नाही. उलट आवश्यक नोंद नष्ट झाल्यास संगणक सुरूही होत नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांच्या वापरास मायक्रोसॉफ्ट कंपनी पाठिंबा देत नाही.

संगणक मंदावल्यास प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी व रीस्टोर पॉइंट तयार करावा. नंतर तात्पुरत्या फायली काढाव्यात आणि आपोआप सुरू होणाऱ्या अनावश्यक आज्ञावली बंद कराव्यात. बिघाड राहिल्यास संगणक सेफ मोडमध्ये सुरू करावा. तेथे तो नीट चालल्यास दोष बहुधा नंतर बसविलेल्या आज्ञावलीत असतो. रीस्टोर पॉइंटमुळे रजिस्ट्री पूर्ववत करता येते. व्यक्तिगत फायली मात्र त्याने परत मिळत नाहीत. म्हणून त्यांची स्वतंत्र प्रत अपरिहार्य ठरते.