‘अकस्मात’ म्हणजे काय?

मंडळी, गावात कुणी विहिरीत पडून गेलं, शेतात विजेची तार लागून गेलं, की पोलीस ठाण्यात जी पहिली नोंद होते तिचं नाव आपल्या सगळ्यांना पाठ आहे. अकस्मात मृत्यू. संस्कृतात ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे, कोणत्या कारणाने. त्याच्यापुढे ‘अ’ लावला की अर्थ होतो, ज्याला ‘कशामुळे’ नाही असं. म्हणजे नोंदवहीच्या पहिल्याच ओळीत आपण लिहून टाकतो की या मरणाला कारण नाही. पोलिसांचा त्यात दोष नाही. त्यांच्यासाठी ती चौकशीची सुरुवात असते. आपल्या मनात मात्र तोच शेवट होऊन बसतो. दहाव्याला आलेली माणसं म्हणतात, काळ आला होता, आणि विषय संपतो.

आज दिंद्रुडला आपण जमलो आहोत ते हा संपलेला विषय पुन्हा उघडायला. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. पण अपघाताचा कायदा वाचू लागलो तेव्हा लक्षात आलं की हा सगळा कायदा एका जुन्या तात्त्विक प्रश्नावर उभा आहे: जे घडलं ते दुर्दैव, की कुणाची तरी चूक?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात दैव मोठं की पुरुषकार मोठा, यावर एक अख्खा अध्याय आहे, आणि त्यात दाखला आहे तो शेताचा आणि बियाण्याचा. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात इजेचे तीन प्रकार सांगितले. कुणालाही अंदाज येणं शक्य नव्हतं, ते दुर्दैव. अंदाज येऊ शकत होता पण मनात वाईट काही नव्हतं, ती चूक. जाणूनबुजून केलं, तो अन्याय. आपल्याकडे होतं काय, की मधला खण आपण रिकामाच ठेवतो. एक तर दैव, नाहीतर थेट खून. आणि आपल्या भागातली बहुतेक मरणं या मधल्याच खणातली असतात.

एक खटला सांगतो, तो आपल्या गावात घडल्यासारखाच आहे. मध्य प्रदेशात एक माणूस पावसाळ्यातल्या रात्री कामावरून सायकलवर घरी निघाला होता. रस्त्यावर पाणी साचलेलं आणि त्यात विजेची जिवंत तार पडलेली. ती दिसली नाही आणि तो जागीच गेला. बायकोने वीज मंडळावर दावा लावला. मंडळ म्हणालं, आमचा काय संबंध? एका माणसाने चोरून आकडा टाकला होता, त्याची ती तार. आता आकडा म्हणजे काय ते इथे समजावून सांगायची गरज नाही! पण २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. वीज ही मुळातच धोक्याची वस्तू आहे. जो तिचा धंदा करतो त्याने ती कुणाच्या अंगावर येणार नाही हे पाहायचं, आणि आली तर भरपाई द्यायची. तुमचा हलगर्जीपणा सिद्ध झाला की नाही, हा प्रश्नच तिथे येत नाही. याला कठोर दायित्व म्हणतात, आणि त्याचं मूळ १८६८ च्या एका इंग्रजी निकालात आहे. तिथे एकाच्या तलावाचं पाणी फुटून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं होतं.

म्हणून तार पडली, लोंबायला लागली, खांबाला करंट उतरला, की लाइनमनला नुसता फोन करून थांबू नका. महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तो कागद असला म्हणजे ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे पुढे म्हणता येत नाही. आणि दुर्घटना झालीच तर विद्युत निरीक्षकाची चौकशी होते, तिचा अहवाल मागून घ्या.

आता उसाकडे येऊ. दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातले कोयते पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. कोयता म्हणजे जोडपं. उचल जोडप्याच्या नावाने, हिशेब नवऱ्याच्या हातात, बाई म्हणजे अर्धा कोयता. पहाटे अंधारात ट्रॉलीत बसायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. रात्री रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना लाल परावर्तक. तिच्यावर मोटारसायकल आदळली की वर्तमानपत्रात चार ओळी येतात. परावर्तक लावायला पैसे किती लागतात आणि वेळ किती, हे आम्ही सांगायला नको. ज्या गोष्टीला इतका कमी खर्च येतो ती न केल्यामुळे माणूस मरत असेल, तर त्याला अकस्मात म्हणायला जीभ कशी वळते?

ट्रॅक्टरच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवा. मडगार्डवर बसलेला किंवा ट्रॉलीत मोळ्यांवर बसलेला मजूर गेला, तर विमा कंपनी म्हणते, ट्रॅक्टरला आसन एकच आहे, ते चालकाचं. या माणसाचा विमा नव्हता. पुष्कळदा तिचं म्हणणं न्यायालयात टिकतं. मग सगळी जबाबदारी मालकाच्या अंगावर येते. म्हणजे ‘बस रे, जवळच जायचंय’ हे वाक्य मालकाचं शेत विकायला लावू शकतं.

दुसरा बारकावा मजुरांच्या फायद्याचा आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. अपघात कोल्हापूरकडे झाला, बेळगावकडे झाला, तरी मोटार अपघाताचा दावा तिथेच लावायचा असं नाही. दावा करणारा जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणात तो दाखल करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये ही सोय आहे. तारखेला परजिल्ह्यात कोण जाणार, म्हणून जे लोक फडातच मिटवून टाकतात त्यांनी हे ऐकावं. मिटवलेल्या रकमेतून उचल कापून घेतली तर हातात उरतं काय?

आणि मिटवताना नेमकं किती सोडतो आहोत, याचा हिशेब तरी करा. समजा ३२ वर्षांची बाई गेली. न्यायाधिकरणाने तिची कमाई महिना १२,००० धरली. वर्षाचे झाले १,४४,०००. वय चाळिशीच्या आत आणि कायम नोकरी नाही, म्हणून पुढे वाढली असती त्या कमाईचे ४० टक्के मिळवायचे: २,०१,६००. हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने ठरलं. घरात तिच्यावर अवलंबून चार माणसं असतील तर तिच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा भाग वजा: १,५१,२००. आणि ३१ ते ३५ या वयाला गुणक १६, हा २००९ च्या सरला वर्मा निकालातला. उत्तर येतं २४,१९,२००. याशिवाय अंत्यविधी वगैरेच्या रकमा वेगळ्या. आता सांगा, गावात बसून कितीवर मिटतं?

बाईची कमाई कोण धरणार, असा प्रश्न इथे लगेच येतो. अर्ध्या कोयत्याची पावती कुठे असते? २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती खटल्यात घरकामालाही पैशात मोल आहे, ते धरलंच पाहिजे, असं सांगितलं. निकालात सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार आहे. घरातल्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला २९९ मिनिटं देते, पुरुष ९७. मग ऊस तोडून वर चूल पेटवणाऱ्या बाईची कमाई शून्य कशी? पण न्यायालयाला काहीतरी आधार लागतो. म्हणून ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगार म्हणून नोंद करताना नवऱ्याबरोबर बायकोचीही करा, ओळखपत्र तिच्याही नावाचं घ्या. आणि लक्षात असू द्या, कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर चूक कुणाची हे न पाहता मालकाने भरपाई द्यायची, हे तत्त्व १९२३ पासून आपल्या कायद्यात आहे. मुकादमाकडे बोट दाखवून वरचा सुटत नाही, असंही त्या कायद्यात म्हटलं आहे. प्रत्यक्षात कारखाना आणि मुकादम एकमेकांकडे बोटं दाखवतात, तो भाग वेगळा.

आता आपल्या स्वतःच्या चुकीबद्दल. कायदा तीही मोजतो आणि तेवढी भरपाई कमी करतो. पण फक्त नियम मोडला म्हणून नव्हे. एका मोटारसायकलवर तिघे होते, मागून मोटारीने उडवलं. विमा कंपनी म्हणाली, ट्रिपल सीट होते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तिघे बसल्याने अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवा, नुसता नियमभंग पुरे नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा निकाल फार आवडतो. दोष आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! ट्रिपल सीट जायला परवानगी मिळाली, असा अर्थ मात्र कुणी काढू नका.

बीडच्या माणसाला ३ जून २०१४ ही तारीख सांगावी लागत नाही. गोपीनाथराव मुंडे दिल्लीत मोटारीच्या मागच्या सीटवर होते, दुसरी मोटार आदळली. पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन पुढे म्हणाले, आणि ते स्वतः डॉक्टर. मागच्या सीटलाही पट्टा सक्तीचा आहे हे त्या दिवसापर्यंत किती जणांना माहीत होतं? आज शेतकऱ्याला अपघातात राज्य सरकारकडून जी मदत मिळते, मृत्यू झाल्यास दोन लाख, ती योजना त्यांच्याच नावाची आहे. दाव्याच्या भरपाईशी तिची गल्लत करू नका. ते सरकारचं साहाय्य, हा आपला हक्क. दोन्ही मागता येतात.

बोअर कोरडं गेलं की तोंडावर पोतं टाकून दगड ठेवायचा, ही आपली पद्धत. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोअरबद्दल नियम घालून दिले: खोदण्याआधी १५ दिवस कळवायचं, काम चालू असताना काटेरी तारेचं कुंपण, तोंडाला पोलादी झाकण, भोवती सिमेंटचा ओटा, सोडून दिलेलं बोअर बुजवायचं. रस्त्यांचंही तसंच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, जखमीला ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत, असं ठरवून दिलं.

शेवटी मुदतीचं. मोटार अपघाताच्या दाव्याला सहा महिने आहेत असंच धरून चाला. सुतक, वर्षश्राद्ध, पुढचा हंगाम, यात ते निघून जातात. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर पोलीस केस होत नाही, २०१९ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण आहे, तेव्हा बघत उभे राहू नका. वकिलाची फी परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाई, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग, लहान मूल यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. जाताना पंचनाम्याची, शवविच्छेदनाची आणि गाडीच्या विम्याची नक्कल बरोबर न्या. विम्याची प्रत पोलीस ठाण्यातून मागता येते.