नांगर, साखळी आणि मधलं यंत्र

३८ फुटी शिडाच्या बोटीला साधारण २० किलोचा नांगर लागतो. त्याला १० मिलिमीटरची साखळी जोडली तर मीटरमागे सव्वादोन किलो धरायचे. ६० मीटरचे झाले १३५. पहाटे वारा फिरल्यावर नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उकिडवं बसून, चिखलाने बरबटलेली ही साखळी हाताने वर घेणं तिशीत जमतं. माझ्या मित्राने बोट घेतली ती साठी ओलांडल्यावर. त्यामुळे विंडलास, म्हणजे साखळी वर ओढणारं यंत्र, घ्यायचा की नाही यावर चर्चा झालीच नाही, झाली ती कोणता घ्यायचा यावर.

६० मीटर कशाला, असं मीही विचारलं होतं. बोट मुंबई बंदरात न्यायची असेल तर ओहोटीच्या ४ मीटर पाण्यात टाकलेला नांगर मोठ्या भरतीला ८ मीटर खाली जातो. त्यात पाण्यापासून डेकपर्यंतची उंची १ मीटर. या नवाच्या निदान पाचपट साखळी सोडली तरच तिची ओढ नांगराला आडवी लागते आणि तो तळात रुततो. झाले ४५ मीटर. वारा चढला तर आणखी सोडायला हाताशी पंधरा हवेतच.

मित्र मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होता. जहाजावर विंडलास चालवतात डेकवरचे लोक, पण तो बिघडला की दुरुस्तीला इंजिनरूमची माणसं जातात. त्यामुळे एक गोष्ट त्याच्या अंगात मुरलेली होती: नांगरावर उभ्या असलेल्या जहाजाचा भार विंडलासच्या मोटरवर कधीच नसतो. यंत्र गिअरमधून काढून ठेवतात, साखळी धरतात ब्रेक आणि स्टॉपर. छोट्या बोटींचे मालक मात्र यंत्राच्या ताकदीवर भाळतात. कॅटलॉगही तसेच असतात, पहिल्या पानावर वॅट. इटलीचे लोफ्रान्स आणि क्विक, न्यूझीलंडचं मॅक्सवेल, टास्मानियाचं म्युअर, इंग्लंडचं ल्यूमर, सगळ्यांचे कॅटलॉग चाळून झाल्यावर मित्राने ते बाजूला ठेवले आणि म्हणाला, “आधी साखळी.”

त्याचं बरोबर होतं. विंडलासच्या खाचांच्या चाकाला जिप्सी म्हणतात आणि साखळीची एकेक कडी त्या खाचेत नेमकी बसावी लागते. १० मिलिमीटरची साखळी म्हटलं तर वाटतं, माप कळलं. पण ती जाडी झाली. जर्मन डीआयएन ७६६ मापात कडीची आतली लांबी २८ मिलिमीटर असते, आयएसओ ४५६५ मापात ३०. फरक दोनच मिलिमीटरचा, पण दहा कड्यांमागे तो २० होतो. ८ मिलिमीटरच्या साखळीत ही भानगड नाही, तिथे दोन्ही मापांत कडी २४ मिलिमीटरचीच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा दारूखान्यात साखळी स्वस्त मिळते, वजनावर मिळते. ती ओझं उचलायला चांगली असेल, पण प्रत्येक कडी एकाच मापाची असल्याची खात्री तिथे कोणी देत नाही. नमुन्याला आणलेला तसला एक तुकडा यार्डातल्या मेस्तांनी फळीवर ताणला, टेप लावला आणि मान हलवली. “ही साखळी ह्या चाकार बसाची नाय.” मेस्त मूळ वेंगुर्ल्याचे, जन्म लाकडी ट्रॉलर बांधण्यात गेलेला. विंडलासची जिप्सी त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतली होती.

साखळी ठरल्यावर यंत्राचा आकडा सोपा. नांगर आणि साखळीचं वजन मिळून १५५ किलो, त्याच्या तिप्पट ओढ असलेलं यंत्र घ्यावं असा प्रघात आहे. म्हणजे ४६५ किलो, काही कंपन्या चौपट सांगतात. खरं तर ८ मीटर पाण्यात नांगर तळातून सुटल्यावर नाळेवरून लोंबते ती ९ मीटरच साखळी, २० किलो तिचे आणि २० नांगराचे. पाण्यात लोखंड आठव्या हिश्श्याने हलकंही होतं. मग तिप्पट कशाला? कारण चिखल नांगर सोडत नाही, नाळेवरच्या रोलरवर साखळी घासते, लाट नाळ वर उचलते, आणि नांगर घसरून बोट खोल पाण्यात गेली तर सगळीच्या सगळी साखळी लोंबत असते. माझ्या मते या हिशेबात काटकसर करू नये. पण तिप्पटीचं पाचपट करूनही काही साधत नाही, कारण मग वीज पुरत नाही.

उभा की आडवा हा पुढचा प्रश्न. आडव्या विंडलासचं सगळं डेकवर असतं, बसवायला सोपं, पण साखळी जिप्सीला जेमतेम पाव वेढा घालते. उभ्यात अर्धा वेढा पडतो, पकड चांगली. मोटर मात्र डेकखाली साखळीच्या दमट कप्प्यात लटकते. उभा निवडला तर कप्पा खोल लागतो, कारण साखळी आत पडते ती स्वतःच्या वजनाने. ती कोन रचत जाते, कोन वरच्या भोकाला टेकला की साखळी अडकते. सगळी साखळी आत आल्यावरही वर एक फूट तरी मोकळं राहायला हवं. या बोटीच्या कप्प्यात कोणा जुन्या मालकाने सामान ठेवायला खोटा तळ घातला होता. मेस्तांनी तो उचकटला आणि खाली हवी तेवढी जागा निघाली. उभा ठरला.

बोट पावसाळ्यासाठी गोव्यात मांडवीच्या काठावरच्या यार्डात टेकूंवर उभी होती. ताडपत्रीखाली काम सुरू झालं. होलसॉने पहिलं भोक पाडताना मित्राचा चेहरा पाहण्यासारखा होता. डेक म्हणजे फायबरच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा. भोकातून बाहेर आलेली चकती कोरडी, फिकट निघाली तेव्हा त्याने श्वास सोडला. काळी, ओली निघाली असती तर विंडलास राहिला असता बाजूला आणि डेकचंच ऑपरेशन करावं लागलं असतं. कोरडी असली तरी तशीच बोल्ट घालून चालत नाही. मेस्तांनी ड्रिलला वाकवलेला खिळा लावून भोकाच्या आतल्या कडेचा बाल्सा बोटभर कोरला, ती पोकळी घट्ट इपॉक्सीने भरली आणि ती वाळल्यावर मधून पुन्हा भोक पाडलं. आता पाणी झिरपलं तरी लाकडाला लागणार नाही, आणि बोल्ट कितीही आवळला तरी डेक दबणार नाही. पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय वरचा हात धरत नाही. त्यामुळे प्रत्येक थराला एक दिवस जास्तीचा.

डेकला खालून १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय इपॉक्सीने चिकटवला, त्याखाली ॲल्युमिनियमची पाटी. वरून सागवानी बैठक, कारण डेकला उतार आणि नाळेवरचा रोलर खाली. मेस्तांनी रोलरपासून जिप्सीपर्यंत दोरा ताणला आणि बैठक रंध्याने थोडी थोडी उतरवत नेली, दोरा जिप्सीच्या खाचेत सरळ शिरेपर्यंत. कंपनीने दिलेला कागदी साचा हातात असूनही त्यांनी दोऱ्यावरच भरवसा ठेवला. मलाही तेच पटलं, कारण साच्याला या बोटीचा उतार ठाऊक नव्हता. विंडलासची बॉडी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टेनलेसचे. हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होत जातं, म्हणून मध्ये प्लास्टिकचे बुश आणि जाड पेस्ट.

खरा वाद झाला तारेवर. वायरमन घरांची कामं करणारा, हुशार. १००० वॅटची मोटर म्हटल्यावर त्याच्या डोक्यात अडीच स्क्वेअरची वायर आली. २३० व्होल्टला ती पुरतेच, करंट साडेचार अँपिअरच्याही आत. पण बोटीत १२ व्होल्ट. तीच मोटर इथे ८३ अँपिअर मागते, जोर लागला की १०० च्या पुढे जाते. बॅटऱ्या बोटीच्या मध्यावर, तिथून नाळ १० मीटर, जाऊन-येऊन २० मीटर तांबं. मित्राने फळीवर पेन्सिलीने मांडलं: २५ स्क्वेअरची केबल घेतली तर १०० अँपिअरला १.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, ५० स्क्वेअरला ०.७. बारातले दीड गेले की मोटर रेंगाळते आणि तापते. त्याहून वाईट म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट थरथरतात आणि कधीकधी जुळून चिकटतात. मग बटण सोडलं तरी विंडलास फिरत राहतो.

“साहेब, गाडीच्या स्टार्टरलापण एवढी जाड लागत नाही,” वायरमन म्हणाला.

“गाडीची बॅटरी स्टार्टरपासून हातभर अंतरावर असते रे.”

मग त्याने वेल्डिंगची केबल सुचवली. लवचिक, जाड, बाजारात सहज मिळणारी. वाईट कल्पना नव्हती. पण ते नुसतं तांबं. खाऱ्या दमट हवेत टोकाकडून आत काळं-हिरवं पडत जातं, म्हणून शेवटी कल्हई केलेल्या तारांचीच आली. तिची किंमत ऐकून मीही गप्प झालो. नाळेत वेगळी बॅटरी ठेवून केबल वाचवण्याचा एक मार्ग असतो, पण आधीच दीडशे किलो बोटीच्या नाकावर असताना तिथे आणखी शिसं ठेवणं मला पटत नाही, मित्रालाही पटलं नाही. ब्रेकर बॅटरीजवळ लावला, कारण तो मोटरसाठी असतो त्याहून जास्त त्या दहा मीटर केबलसाठी असतो. त्याची जागा बोटीवरच्या प्रत्येकाला दाखवली, चिकटलेल्या सोलेनॉइडच्या भीतीने.

पावसाळा सरल्यावर आग्वादच्या आडोशाला बोट उभी करून पाहिलं. साखळीवर दर दहा मीटरला रंगाचे पट्टे होते. नांगर रुतल्यावर साखळी स्टॉपरमध्ये अडकवली, मग नायलॉनचा दोर साखळीच्या कडीत हुकने लावून नाळेच्या खुंटाला बांधला आणि साखळी सैल सोडली. आता बोटीचा हिसका नायलॉन ताणून घेत होता, विंडलासवर काहीच नव्हतं.

उचलताना मित्राची बायको सुकाणूवर, इंजिन चालू. इंजिन चालू ठेवायचं ते अल्टरनेटरमधून वीज मिळावी म्हणून, आणि बोट पुढे सरकावी म्हणूनही. मित्र नाळेवरून हाताने साखळीची दिशा दाखवत होता. बोट तिकडे सावकाश गेली की साखळी ढिली पडे, मग तो बटण दाबे. ताण आला की थांबे. हौसेने आलेले मेस्त हे सगळं पाहत होते. “यंत्रान नांगर उचलूचो, होडी ओढूची नाय,” ते मला म्हणाले. साखळी सरळ उभी झाल्यावर मित्राने ती पुन्हा स्टॉपरमध्ये घातली आणि बोटीला तिच्या वजनाने नांगर सोडवू दिला. विंडलासने उचललं ते शेवटचं लोंबतं ओझं. मोटरचा आवाज एकदाही खाली आला नाही.

साखळीचं शेवटचं टोक राहिलं होतं. जहाजावर ते कप्प्याच्या बाहेरून हातोड्याने पिन काढून सोडता येतं, कारण नांगर गमावून जहाज वाचवायची वेळ येऊ शकते. बोटीवर तेच काम दोर करतो. शेवटची कडी कप्प्यातल्या कड्याला शॅकलने न अडकवता दोराने बांधायची. दोर इतका लांब की सगळी साखळी बाहेर गेली तर तो डेकवर यावा आणि सुरीने कापता यावा. मित्राने दोर बांधला, साखळी सगळी बाहेर सोडून लांबी तपासली, हातभर कमी पडला म्हणून सोडून नवा बांधला. सुरी कप्प्याच्या झाकणाला आतून लावली. मग वायरमनला फोन केला: साखळीबरोबर कप्पाभर चिखल आत आला होता, नाळेवर धुण्याचा पंप हवा आणि त्यालाही केबल लागणार होती.