साप, दोरी आणि कर्ज

खरं ओळखायचं कशानं? शास्त्र म्हणतं, प्रमाणानं. डोळ्यांना ऊस दिसला, हे प्रत्यक्ष. कराडच्या बाजूला लांबून धूर दिसला, तिथं गुऱ्हाळाची चूल पेटली असणार म्हटलं, हे अनुमान. श्रुतीचं वचन, हा शब्द. हा कस लावायला न्याय शिकवतो. पदार्थ सांगतो वैशेषिक, तत्त्वं मोजतं सांख्य, मन आवरतो योग, कर्म सांगते पूर्वमीमांसा आणि ब्रह्म सांगतो वेदान्त. ही सहा दर्शनं.

आता रात्री उसाला पाणी पाजताना पायाशी साप दिसला. बॅटरी मारली, तर दोरी! साप नुसता भासला, ती प्रातिभासिक सत्ता. दोरी रोजच्या कामाला खरी, ती व्यावहारिक. ज्याला कधीच बाध येत नाही ते ब्रह्म, ती पारमार्थिक.

तासगावकडं कीर्तन संपल्यावर एक म्हातारे शेतकरी जवळ आले. "बुवा, जग मिथ्या, मग माझं कर्ज?"

म्हटलं, "बाबा, व्यवहारात ते खरंच. फेडायला हवं. पण कर्ज म्हणजे तुम्ही नव्हे. ते आलं तसं जाईल. तुमच्यातला आत्मा कुणाचं देणं लागत नाही. कर्जापायी जिवावर उदार होऊ नका."

एवढं कळलं तरी वेदान्त घरी आला. बोला, रामकृष्णहरी!